सूड सोडा, शिवणकामासाठी वाचा

मंगळवार पेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, त्यामुळं ही कादंबरी मी शिवणाऱ्या बाईच्या नजरेनंच वाचली. काळ 1860 च्या आसपासचा, गाव लंडन. मालिकेच्या आधीच्या भागांत विष घालणारी म्हणून गाजलेली बाई मुळात तशी झाली कशी, याची ही गोष्ट. आधीचं काही वाचलं नसलं तरी अडत नाही.

पहिला अर्धा भाग लई भारी. ही नगावर शर्ट शिवते, दोरा आणि मेणबत्ती पदरची. अंगावर आलं ते सुतकी कपड्यांचं प्रकरण. बड्या घरात कोणी गेलं की सगळ्या बायकांना काळे झगे लगेच पाहिजेत, मग शिवणारीला रात्रभर जागरण. काळ्या कापडावर काळा दोरा, तोही मेणबत्तीत! मी ट्यूबलाइटखाली काळा ब्लाउज उसवायचा म्हटलं तरी सकाळवर ढकलते. शेवटी ती टाका बघायचं सोडून नखानं चाचपायला लागते. हे सुई धरलेल्या माणसालाच सुचणार.

मग मजुरीचा प्रसंग. नवरा थेट मालकाकडं जाऊन हिचे पैसे उचलतो आणि मालक निमूट देतो. 1870 च्या कायद्याआधी इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याचीच असायची. माझ्याकडं काज-बटणाला येणारी एकजण रोजच्या बचतीचं, पिग्मीचं पुस्तक माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवते. तिला हे पान वाचून दाखवलं तर म्हणाली, "ताई, कायदा बदलला, नवरा कुठं बदलला?"

सूड सुरू झाला की मात्र गाडी घसरते. धुकं, विजा, दात विचकणारा खलनायक. 1851 पासून तिथं सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घेणाऱ्याचं नाव-गाव दुकानदाराला वहीत लिहावं लागायचं. माझी मुलगी बी. फार्म. करते, तिनं ही चूक लगेच पकडली. इथं ही पावशेर साखर आणल्यागत पुडी घेऊन येते. अहो, त्या वहीतच खरा थरार होता की! वर्कहाउस, म्हणजे गोरगरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा, तेही चार पानांत उरकलंय. माय एका वॉर्डात, पोर दुसऱ्या, आणि ही जहाजाचे जुने डांबरी दोर बोटांनी पिंजत बसलेली. जन्मभर शिवणाऱ्या बाईला उसवायला बसवलं, आणि लेखिका दोन ओळींत पुढं निघून गेली. याची चुटपुट लागली.

कागद बरा आहे, अक्षर बारीक. बांधणी कच्ची, माझ्या प्रतीची मधली पानं सुटून आली. दुकानात घेत असाल तर पुस्तक पूर्ण उघडून बघूनच पैसे द्या.