बिलिंग चोख, इन्स्टॉलर हट्टी

लालबागच्या मसाला गल्लीत एका दुकानाचे हिशेब मी सांभाळते. एप्रिल म्हणजे वर्षभराच्या मसाल्याचा हंगाम. मिरचीच्या खकाण्यात शिंकत शिंकत बिलं करायची, आणि नेमकं तेव्हाच मालकांनी नवं बिलिंग सॉफ्टवेअर आणलं. बिलिंग चोख आहे: मिरची, गरम मसाला आणि कांडपाची मजुरी एकाच बिलात लागते. माझं भांडण ते मशीनवर बसवणाऱ्या इन्स्टॉलरशी आहे.

एका सेटअपमध्ये तिघं: मूळ प्रोग्रॅम, आणि तो चालायला लागणारे मायक्रोसॉफ्टचे दोन सामायिक भाग, डॉटनेट आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम. डॉटनेट ४.८ मशीनवर आहे हे त्यानं ओळखलं. रनटाइमपाशी मात्र अडला. 'दुसरी आवृत्ती आधीच आहे' म्हणाला आणि बंद पडला.

सपोर्टचा मुलगा म्हणाला, "मॅडम, कंट्रोल पॅनलमध्ये व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाचं जे जे दिसेल ते काढा." काढलं. बिलिंग बसलं. अर्ध्या तासात पाकिटांची लेबलं छापणारा प्रोग्रॅम रुसला: व्हीसीरनटाइम१४० डीएलएल (त्याच रनटाइममधली फाइल) सापडत नाही! बिलिंग ३२ बिटचं, म्हणून सेटअपनं तेवढंच रनटाइम घातलं. लेबलवाला ६४ बिटचा, त्याला वेगळं रनटाइम लागतं. त्याच्या पुढ्यातलं ताट मीच उचललं होतं. संध्याकाळपर्यंत पाकिटांवर मार्करनं वजनं लिहिली.

दुकान बंद झाल्यावर टेम्प फोल्डरमधला लॉग, म्हणजे इन्स्टॉलरनं काय काय केलं त्याची नोंद, उघडला. चुकीचा आकडा १६३८. म्हणजे नवीन आवृत्ती आधीच बसलेली. २०१५ ते २०२२ ही रनटाइमं एकाच घरातली, नवं आलं की जुन्याचंही काम करतं. इन्स्टॉलरनं 'ही किंवा हिच्यानंतरची आहे का?' एवढं विचारलं असतं तर १६३८ पाहून तो गपचूप पुढे गेला असता. हा 'हीच पाहिजे' म्हणून अडून बसला.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ताजं रनटाइम, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही, आणून बसवलं. लेबलं सुरू. गल्ल्यावरच्या दुसऱ्या मशीनवर तर काहीच काढलं नाही. सेटअप टाळून पेन ड्राइव्हमधली एमएसआय फाइल, म्हणजे फक्त बिलिंग बसवणारी, थेट चालवली. चहा येईपर्यंत काम झालं.

बिलिंगला चार तारे, इन्स्टॉलरला एक. सपोर्टला लॉग पाठवलाय. "पुढच्या अपडेटमध्ये बघतो" म्हणालेत. तोवर घेणाऱ्यांनी फोनवर कुणी काहीही काढायला सांगितलं तर आधी लॉग बघावा.