घरी बांधलेली स्ट्रिप कॅनो, एक सीझन वापरल्यावर (जास्त करून आतल्या कापडाबद्दल)

स्ट्रिप कॅनो म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या शेजारशेजार चिकटवून केलेली वल्ह्याची अरुंद होडी, तिच्यावर काचतंतूचं (फायबरचं) कापड इपॉक्सी रेझिनने बसवतात. पावसाळा सरल्यापासून ही होडी कालावल खाडीत चालवतोय. गेल्या आठवड्यात ओहोटीला दोन माणसं आणि सामानासकट ती जांभ्याच्या खडकावर चढली, आवाज असा आला की मी धरूनच चाललो, तळ गेला. घरी आणून उलटी केली तर बाहेर वीतभर ओरखडा, रेझिन खरवडलेलं, एके ठिकाणी कापडाचे धागे उघडे. आत मात्र काहीच नाही. टॉर्च मारून, दाबून, ठोकून पाहिलं, पांढरी रेघसुद्धा नाही. म्हणून लिहायला बसलो.

साचे कसे उभे करायचे, पट्ट्या कशा चिकटवायच्या हे व्हिडिओत सगळं आहे, ते सोडतो. लाकडाचं तेवढं सांगतो. कॅनडा-अमेरिकेत वेस्टर्न रेड सीडर वापरतात, ते इथे मागवणं खिशाला परवडत नाही, मी शिवण घेतलं. सीडरपेक्षा जड, पण सागापेक्षा हलकं आणि फारसं फुगत-आकसत नाही. सलग लांब पट्टी मिळत नाही, त्यामुळे ६ मिमी जाडीला साधारण ५० मिमीचा तिरका सांधा, आणि शेजारशेजारचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत.

आता मुद्दा. सगळ्या पट्ट्या होडीच्या लांबीत धावतात, त्या दिशेने लाकूड दणकट. आडवी ताकद कुठून येणार? लाकूड आडवं किती सहज चिरतं ते चुलीसाठी फाटी फोडणाऱ्या कोणालाही माहीत आहे. होडीला आडवं धरून ठेवतं ते फक्त फायबरचं कापड. खडक बाहेरून दाबतो तेव्हा बाहेरचं कापड दाबलं जातं, आतलं ताणलं जातं, आणि फाटायला सुरुवात ताणाच्या बाजूने होते. तरी लोक काय करतात, बाहेर चकचकीत दिसावं म्हणून दोन-दोन थर आणि आत नुसता रेझिनचा हात! आत कापड नसेल तर ती होडी नाही, शोभेची वस्तू आहे, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

आमच्या वाडीतले सुतारकाका म्हणाले होते, "ह्यां खडकार टिकाचां नाय, आतसून फासळ्यो घाल." त्यांचा हात मोठा, त्यांनी मोठ्या होड्या केल्यात, पण त्या जाड फळ्यांच्या. इतक्या पातळ अंगाला फासळी घातली की मधला भाग लवतो आणि फासळीच्या कडेलाच मोडतो. त्यापेक्षा सगळीकडे सारखं लवू द्यावं.

दिवाळीच्या सुमाराला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की आत २०० जीएसएमचा एक थर पुरे, तळाला मी घातलेला जादा थर म्हणजे पैसे पाण्यात. आज तसं म्हणणार नाही. चौरस मीटरला २०० ग्रॅम कापड आणि जवळपास तेवढंच रेझिन, म्हणजे वजन वाढतं चौरस मीटरला साधारण ४०० ग्रॅम, आणि तेवढ्यावर तळ वाचला. पैसे कमी असतील तर सीट साधी करा, गनेल (वरच्या काठाची पट्टी) सागाचा नको, पण हा थर घालाच. नाळेवर (होडीच्या टोकाला) कापडाच्या ४५ अंशात कापलेल्या पट्ट्या, त्या वळणावर सुरकुती न पडता बसतात.

आतलं कापड बसवणं वैताग आहे हे खरं. खोलगट भागात ते वर उचलतं, खाली हवा राहते, आणि रेझिन तळाशी साचतं, ते स्क्वीजीने ओढून काढत राहायचं. कामाला संध्याकाळीच हात घाला, लाकूड थंड होत असताना. सकाळी लावलं की लाकूड तापतं, आतली हवा बाहेर पडते आणि बुडबुडेच बुडबुडे.

रेझिनवाल्याशी झालेलं भांडण अजून डोक्यातून गेलेलं नाही. ऐन पावसात थर चिकट राहतोय म्हणून फोन केला तर म्हणे "हार्डनर वाढवा"! अरे, पॉलिस्टर रेझिनमध्ये कॅटलिस्ट थोडं कमीजास्त चालतं, इपॉक्सीत रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर यांचं प्रमाण ठरलेलं असतं, जादा हार्डनर तसाच अडकून राहतो आणि थर कायमचा मऊ. माल विकणाऱ्याला एवढंही माहीत नसावं? दमट हवेत वर मेणचट पापुद्रा येतो तो वेगळा, तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मगच पॉलिश पेपर. न धुता घासलं तर पुढचा थर धरत नाही.

आणि ऊन. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं, त्यामुळे वर अतिनील किरण अडवणारं (यूव्हीचं) व्हार्निश हवंच, तिथे काटकसर नको. होडी मांगरात उलटी ठेवतो, जमिनीपासून हातभर वर, वाळवीचा भरवसा नाही. शिमग्याआधी व्हार्निशचा अजून एक हात देणार आहे.