एमकॅटची अधिकृत आउटलाइन: कोर्स बाकी असतील तर आधी हीच उघडा

एमकॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेची, तारीख पक्की, आणि बायोकेमिस्ट्रीचा कोर्स मात्र त्यानंतरच्या सेमिस्टरला. फिजिक्सचाही दुसरा भाग बाकी. अमेरिकेत नोकरी सांभाळून प्रीमेडचे, म्हणजे मेडिकल स्कूलआधीचे, कोर्स घेणाऱ्या बऱ्याच जणांची अशीच गत होते, माझीही तीच होती. त्या काळात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एएएमसीने, म्हणजे एमकॅट घेणाऱ्या संस्थेनेच, काढलेल्या विषयांच्या आउटलाइनचा. ती त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळते. लोक एकदा उघडतात, लांबलचक रूक्ष यादी दिसते, बंद करतात आणि जाडजूड पुस्तकांचा सेट मागवतात. मला हे पाहून फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक शंका मिटवू. एमकॅटला बसण्यासाठी अमुक कोर्स पूर्ण हवेत अशी अट नाही. कोर्सची अट असते ती मेडिकल स्कूलच्या प्रवेशाला, आणि तीही प्रत्येक ठिकाणी वेगळी. परीक्षेपुरतं तुम्हाला ते यायला हवं. वर्गात शिकलात की घरी, हे तिथे कुणी विचारत नाही.

आता आउटलाइनकडे. हिची खरी ताकद विषयांच्या शेजारी कंसात दिलेल्या अक्षरांत आहे: बीसी म्हणजे बायोकेमिस्ट्री, पीएचवाय म्हणजे फिजिक्स, तसंच जीसी (जनरल केमिस्ट्री), ओसी (ऑरगॅनिक केमिस्ट्री), बीआयओ (बायोलॉजी). हा मुद्दा कॉलेजात साधारण कोणत्या कोर्समध्ये शिकवतात, ते त्यावरून कळतं. मी सायन्सची पानं छापून घेतली आणि जे कोर्स झाले नव्हते त्यांच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवला. फिजिक्सचा पिवळा रंग जवळजवळ सगळा आउटलाइनमधल्या चौथ्या मुख्य संकल्पनेच्या पानांवर गोळा झाला. बायोकेमिस्ट्रीचा मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पसरला: अमिनो ॲसिड, एन्झाइम, चयापचय, पुन्हा केमिस्ट्रीच्या भागात प्रोटीन आणि लिपिड.

त्यासोबत एएएमसीने टक्केवारीही दिली आहे. केमिस्ट्री-फिजिक्सच्या सेक्शनमध्ये बायोकेमिस्ट्री २५ टक्के, फिजिक्स २५ टक्के. बायोलॉजीच्या सेक्शनमध्ये बायोकेमिस्ट्री पुन्हा २५ टक्के. दोन्ही सेक्शनमध्ये प्रत्येकी ५९ प्रश्न असतात. म्हणजे ढोबळमानाने बायोकेमिस्ट्रीचे ३० प्रश्न, आणि फिजिक्सचे दोन्ही सेमिस्टर मिळून १५. एका महागड्या क्लासचं वेळापत्रक माझ्या हातात होतं. त्यात दोन्ही विषयांना सारखेच आठवडे दिले होते, आणि सगळं आधी एकदा शिकून झालंय हे गृहीतच धरलं होतं. आउटलाइन बघितल्यावर ते वेळापत्रक मी बाजूला ठेवलं आणि पुढचे कित्येक आठवडे सकाळचा ताजा वेळ फक्त बायोकेमिस्ट्रीला दिला.

ऑरगॅनिकचा आकडा फसवा आहे. एका सेक्शनमध्ये १५ टक्के, दुसऱ्यात ५, म्हणजे दोन्हींत मिळून जेमतेम डझनभर प्रश्न. पण कार्बोनिलवर (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधावर) न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा रेणू, कसा हल्ला करतो हे कळलेलं नसेल, तर प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन तोडणारं एन्झाइम, अमिनो ॲसिडना जोडणारा पेप्टाइड बाँड कसा तोडतं ते डोक्यात शिरत नाही. ऑरगॅनिक झालेलं असेल तर बायोकेमिस्ट्री घरी बसून जमते. उलट्या क्रमाने नाही जमत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फिजिक्स घरी करणाऱ्यांनी चौथ्या संकल्पनेतला ४बी हा भाग नीट वाचावा. त्यात द्रवांचं फिजिक्स आहे, पण शीर्षकातच रक्ताभिसरण आणि वायूंची देवाणघेवाण येते. हीच या परीक्षेची रीत. नळीतून द्रव किती वाहतो ते सांगणारा प्वाझयचा (Poiseuille) नियम नुसता सूत्र म्हणून पाठ करण्यात अर्थ नाही. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, कारण त्रिज्येचा चौथा घात लागतो. हे कॅल्क्युलेटरशिवाय झटकन दिसलं पाहिजे. कॅल्क्युलेटर मिळत नाही, पिरिऑडिक टेबल मिळतं.

उणीव एकच, पण मोठी: किती खोल जायचं ते आउटलाइन सांगत नाही. एन्झाइम कायनेटिक्सची, म्हणजे एन्झाइमच्या क्रियेच्या वेगाची, एक ओळ दिसते. त्या ओळीमागे केएम आणि व्हीमॅक्स (हा वेग मोजायची दोन मापं), इनहिबिटरचे, म्हणजे एन्झाइमला अडवणाऱ्या पदार्थांचे, प्रकार, ग्राफवर रेषा कुठे सरकते, असं सगळं दडलेलं असतं. खोली कळते ती एएएमसीच्याच सराव प्रश्नांवरून. शिकण्यासाठी खान अकॅडमीचे एमकॅट व्हिडिओ आहेत. ते एएएमसीच्या सहकार्यानेच तयार झालेत आणि तेही फुकट. मी आउटलाइनची एक ओळ, तिचा व्हिडिओ, मग त्याच विषयाचे पॅसेज (प्रश्नांसाठी दिलेले उतारे) अशा क्रमाने जात होते.

सुरुवातीची कौशल्यांची पानं कृपा करून वगळू नका. नुसत्या ज्ञानावरचे प्रश्न साधारण ३५ टक्के. तर्क लावून उत्तर काढायचे ४५ टक्के. उरलेले संशोधनाची आखणी आणि आकडेवारी वाचण्याचे. ५९ पैकी ४४ प्रश्न पॅसेजवर असतात, त्यामुळे लॅबमध्ये काम केलेल्या आणि पेपर वाचायची सवय असलेल्या माणसाला एखादा कोर्स बाकी असूनही इथे बरीच साथ मिळते. सायकॉलॉजीच्या सेक्शनसाठीही आउटलाइन चांगली आहे. तिथे ती जवळजवळ शब्दांची यादी म्हणूनच वापरता येते.

जनरल केमिस्ट्री आणि ऑरगॅनिक दोन्ही बाकी असतील, तर मात्र तारीख पुढे ढकला, आउटलाइन कितीही रंगवली तरी. एमकॅट एका वर्षात ३ वेळा, लागोपाठच्या दोन वर्षांत ४ वेळा आणि आयुष्यात एकूण ७ वेळाच देता येते. ‘बघू तरी कशी असते’ म्हणून दिलेला आणि मग रद्द केलेला प्रयत्नही त्यात धरतात. तेवढंच बघायचं असेल तर एएएमसीची फुकट सराव परीक्षा आहे. ती घड्याळ लावून, चारही सेक्शन एकाच दिवशी द्या.