जुन्या इंजिनात डिकोडर: मूळ मोटर की नवी?
दादरच्या घरातले वडिलांचे एचओ (1:87 मापाचे) मॉडेल रेल्वे इंजिन डिजिटल करताना, म्हणजे रुळांतून येणारे आदेश ओळखून मोटर चालवणारा डिकोडर त्यात बसवताना, मूळ मोटर राखावी की बदलावी, हा प्रश्न पडला. जुन्या मोटरीचा एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा संपर्क) बहुधा धातूच्या सांगाड्यालाच टेकलेला असतो. तो पूर्ण अलग करून डिकोडरची नारिंगी व करडी तार ब्रशना, तर लाल व काळी तार रुळांकडील संपर्कांना जोडली नाही, तर डिकोडर जळू शकतो. शिवाय चाके अडवल्यावर मल्टिमीटरने 1 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दाखवला, तर लहान डिकोडर तो पेलत नाही. बंद आवरणाची नवी मोटर सहसा कमी प्रवाह घेते, मंद गतीलाही अडखळत नाही. मात्र दंतचक्र जुळवताना कानस घेऊन बसावे लागते. लॅमिंग्टन रोडवरून तारा आणल्या, मोटर मी नवीच बसवली. जुनी डबीत जपून ठेवली आहे.