इन्व्हर्टरचा डेमो बल्बवर पाहून भुलू नका

गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणार, हे आम्हा पुणेकरांच्या अंगवळणी पडलंय. पण अण्णांचा वेळ जातो टीव्हीवर आणि त्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर नाट्यसंगीत ऐकण्यात, म्हणून नवा इन्व्हर्टर बसवायचं ठरलं. आमच्याच रस्त्यावरच्या दुकानदाराने सेट दिला: 'प्युअर साइन वेव्ह' म्हणजे घरच्या लाइटसारखीच सलग लाटेची वीज देणारा इन्व्हर्टर, १५० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी, वायरिंगसकट. वर "काका, पाच वर्षं बघायचं काम नाही!" जुनी बॅटरी 'एक्स्चेंज'मध्ये घेऊन गेला.

डेमो दिला एलईडी बल्बवर. मेन स्विच पाडला, बल्ब लागला, सगळे खूश. खरी मेख इथेच आहे. एलईडी बल्बला स्क्वेअर वेव्ह, म्हणजे झटक्याने वर-खाली होणारी ओबडधोबड वीज काय नि साइन वेव्ह काय, सारखंच. पहिल्याच गुरुवारी अण्णांनी अ‍ॅम्प्लिफायर लावला, तर गाण्याआधी घूंऽऽ असा आवाज. पंखाही घरघरायला लागला. खोक्यावर 'साइन वेव्ह'चं स्टिकर, आत मात्र स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा डबा.

बॅटरीने तर कहरच केला. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून लोड दोनशे वॉटच्या आसपास. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर. तूट धरली तरी सहाएक तास निघायला हवेत. तासाभरातच बीप बीप सुरू! ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला, खाली दुसरं स्टिकर. टर्मिनलच्या शिशावर जुन्या क्लॅम्पचे ओरखडे. कंपनीला नंबर कळवला तर म्हणे, या बॅटरीची वॉरंटी कधीच संपली. तेव्हा आठवलं, एकट्या पोराने ती जिन्याने वर आणली होती. खरी १५० एएचची बॅटरी अ‍ॅसिडसकट पन्नास किलोच्या पुढे भरते, एकट्याला सहज पेलत नाही.

सगळ्यात संताप आला तो वायरिंगचा. पैसे तीन वायरींचे घेतले, ओढल्या दोनच. सॉकेटमध्ये अर्थिंगच्या, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या पिनला मागून काहीच जोडलेलं नाही. अण्णा म्हणायचे, अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्हाला वाटायचं वयामुळे असेल. हा निव्वळ लुबाडण्याचा प्रकार नव्हे, जिवाशी खेळ आहे.

घेताना बॅटरीवर कोरलेला नंबर वॉरंटी कार्डाशी ताडून पाहा आणि दुकानातूनच कंपनीला फोन लावून विचारा. डेमोला पंखा लावायला सांगा. सॉकेटच्या मागे तिसरी, अर्थिंगची वायर आहे का, ते उघडून दाखवायला लावा. आणि जीएसटीचं पक्कं बिल.

आम्हाला त्याने कच्ची पावतीच टेकवली होती. "रोख द्या, दोन हजार कमी करतो," असंही म्हणाला, पण बायकोने हट्टाने पैसे मोबाइलवरून पाठवले. तोच पुरावा धरून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. इन्व्हर्टर आणि बॅटरीचे पैसे परत आले. वायरिंगचे मात्र तो आजही देत नाही, आणि जुनी बॅटरी 'भंगारात गेली' म्हणतो.