ब्रसेल्सचं गटार म्युझियम: ठाणेकरांनो, चुकवू नका

युरोपला निघालेल्या आपल्या ठाण्याच्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितेय, कारण पॅकेजवाले ब्रसेल्समध्ये ग्रँड प्लेस, तो शू करणाऱ्या पोराचा पुतळा आणि चॉकलेटची दुकानं दाखवतात नि बस पुढे दामटतात. आम्ही आमचे आमचे गेलो होतो म्हणून हे बघता आलं, आणि मला तरी अख्ख्या ट्रिपमध्ये हेच सगळ्यात आवडलं.

नाव ऐकून नाक मुरडू नका. पोर्ट द'आंदेरलेख्तला जुन्या जकात नाक्याच्या दोन इमारती आहेत (आनंदनगरवाल्यांना जकात नाका काय ते सांगायला नको), तिथून खाली उतरलं की वर ट्रॅफिक आणि समोर चक्क सेन नदी वाहतेय. ब्रसेल्स हिच्याच काठी वसलं, पण १९व्या शतकापर्यंत तिचं पार गटार झालेलं, पूर यायचे, १८६६ला कॉलरा आला. मग महापौर ज्यूल आन्स्पाख यांनी १८६७ ते १८७१ मध्ये गावातली नदी झाकूनच टाकली. मध्ये नदीसाठी ६-६ मीटर रुंदीचे दोन बोगदे, दोन्ही बाजूंना सांडपाण्याची वेगळी लाईन, वर ऐसपैस रस्ते. काठावरच्या गरिबांची घरं मात्र त्यात गेली, ते वाचून वाईट वाटतं. आणि झाकली म्हणून ती स्वच्छ झाली नाहीच, शहराचं सांडपाणी शुद्ध करणारा पहिला प्लांट २००० साली आला आणि मोठा २००७ला!

माझे सासरे ड्रेनेज खात्यातून रिटायर झालेत, ते तर तिथून हलेचनात. मोबाईलचा टॉर्च मारून भिंतीवरची ओलीची रेघ दाखवत होते, "अगं हे बघ, पाणी कुठवर चढतं ते इथे कळतं." मग गाळ कुठून काढत असतील, माणूस कुठून उतरत असेल, सगळं मला समजावलं.

वास येतो थोडा, पण सहन होतो. बंद बूट घाला, गुडघे दुखत असतील तर जिना सावकाश उतरा, पाट्या वाचायला मोबाईलवर ट्रान्सलेट ठेवा. माझ्याकडून पाच स्टार.

आणि नंतर बूर्स स्टेशनवरून जमिनीखालची ट्राम पकडाच, कारण नदी नंतरच्या काळात शहराच्या पश्चिमेला वळवली आणि त्या जुन्या बोगद्यांच्या जागेतून १९७६ पासून ट्राम धावतेय.