फोमचा पॉपर की गर्गलर: बाससाठी घरी काय बांधायचं?

गळावर पिसं, केस, दोरा बांधून मासेमारीची फ्लाय, म्हणजे नकली आमिष, करताना व्हाइसवर (गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यावर) हात बसलाय, वूली बगर आणि क्लाउझर हे पाण्याखाली चालणारे नमुने नीट जमतात, आणि आता बास या शिकारी माशासाठी पाण्यावर तरंगणारं काहीतरी बांधायचंय. या टप्प्यावर बहुतेकांसमोर दोन नमुने येतात: फोमचं नळकांडी डोकं चिकटवलेला पॉपर, आणि फोमच्या शीटची पट्टी पाठीवर दुमडून बांधलेला गर्गलर. हरणाच्या केसांचे बग, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लाय, मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. ते देखणे होतात, पण केस रचून, दाबून, ब्लेडने तासत बसायची आवड हवी, आणि इतकं करूनही ते हळूहळू पाणी धरतातच. फोमला तो त्रास नाही. मी पॉपर आणि गर्गलर दोन्ही बांधतो, दोन्हींवर चांगले लार्जमाउथ बास मिळालेत. तरी आज माझ्या डबीत गर्गलर बरेच जास्त आहेत.

आधी पॉपरबद्दल, कारण त्याचा मान मोठा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसीतल्या चॅटनूगाच्या अर्नेस्ट पेकिनपॉने बुचाचे बास बग लोकप्रिय केले, आणि आजचा फोमचा पॉपर त्याच घराण्यातला. बूच कोरा, भोकं बुजवा, घासा, रंगाचे थर द्या, हा सगळा व्याप फोमने संपवला. खोलगट तोंडाचं डोकं असेल तर लाइनला एक आखूड झटका दिला की ‘डुब्ब’ असा भरीव आवाज येतो, आणि हा आवाज हेच पॉपरचं खरं बळ. वाऱ्याने पाणी थरथरत असेल, गढूळ असेल किंवा अंधार पडला असेल, तर बासला आधी ऐकू जायला हवं, आणि तिथे पॉपरची बरोबरी गर्गलर करत नाही. शिवाय रंगकामाची हौस असेल तर पॉपरचं डोकं त्यासाठीच बनलेलं आहे. ॲक्रिलिक रंग, चिकटवलेले डोळे, सुईने आरपार ओवलेले रबरी पाय, सगळं शोभतं.

फेकताना मात्र फरक लगेच हाताला कळतो. मोठ्या तोंडाचा पॉपर हवा अडवतो. त्याला सात-आठ वजनाचा रॉड (हा रॉडच्या ताकदीचा क्रमांक, आकडा मोठा तितकी लाइन जड) आणि पुढे जड असलेली बास टेपर लाइन हवी, लीडरही, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणारा दोरा, आखूड आणि जाड. त्याच मापाच्या गळावरचा गर्गलर मी सहा वजनाच्या रॉडवर निवांत फेकतो. तुमच्याकडे एकच मधल्या वजनाचा रॉड असेल, तर इथेच निम्मा निर्णय झाला असं समजायला हरकत नाही.

पण माझा निर्णय फेकण्यावरून झाला नाही. तो झाला डोकं फिरण्यावरून.

पॉपरच्या डोक्याला खालून ब्लेडने चीर पाडायची, गळाच्या दांड्यावर दोऱ्याची घट्ट वीण घालायची, त्यावर सुपरग्लू, आणि डोकं दाबून बसवायचं. सुकल्यावर ते दगडासारखं पक्कं वाटतं. पुढे पाण्यावर काय होतं ते बघा. मासा हाताशी आला की गळ काढताना आपण फ्लाय कुठे धरतो? डोक्याला, कारण बोटांत मावणारं तेवढंच असतं. मग गळ पिळून, फिरवून जबड्यातून सोडवतो. तो पीळ सगळा डोकं आणि दांडा यांच्यामधल्या गोंदावर येतो. सुपरग्लू सुकल्यावर कडक होतो आणि फोम मात्र लवचीकच राहतो, त्यामुळे जोड कडेकडेने सुटायला लागतो. वरून बघून काहीच कळत नाही. दोन-चार मासे झाले की डोकं दांड्याभोवती किंचित वळतं. खोलगट तोंड तिरकं होतं, ‘डुब्ब’च्या जागी नुसतं ‘चुळ्’ होतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे गळ पोटाखाली सरळ लोंबकळायचा सोडून बाजूला कलतो. मग पाण्यावर मोठा भोवरा उठतो, मासा येऊन जातो, आणि लाइन सैलच राहते. दोष माशाचा की आपल्या हाताचा, असा विचार करत आपण तोच तिरका पॉपर पुन्हा फेकत राहतो.

यावर उपाय आहेत, आणि ते सांगायलाच हवेत. दांड्याला मध्ये कुबड असलेले पॉपर गळ, उदाहरणार्थ मस्टॅड ३३९०३, याच कामासाठी असतात. कुबड फोममध्ये अडकतं आणि डोकं सहजी फिरत नाही. सुपरग्लूऐवजी इपॉक्सी वापरला, चीर अरुंद ठेवली, दोऱ्याची वीण खडबडीत ठेवली, तर आणखी टिकतं. हे सगळं केल्यावर माझे पॉपर पुष्कळ सुधारले. पण चिंता गेली नाही. प्रत्येक माशानंतर डोकं सरळ आहे का ते बघावं लागतं, आणि मला रुंद तोंडाचा (टोक आणि दांडा यांत जास्त अंतर असलेला) स्टिंगर गळ, म्हणजे गामाकात्सू बी१०एस सारखा, जास्त आवडतो. त्याचा दांडा सरळ असतो, त्यामुळे चिकटवलेलं डोकं त्यावर फिरायला मोकळंच. तुमचा हात माझ्यापेक्षा नेटका असेल तर कदाचित तुम्हाला हा प्रश्न इतका छळणार नाही.

गर्गलरमध्ये फिरायला काही नाहीच. बॉस्टनच्या जॅक गार्टसाइडचा हा नमुना. मागे बकटेलची (हरणाच्या शेपटीचे केस) किंवा माराबूची (मऊ पिसं) शेपटी, अंगावर चमकदार शेनील (लवदार दोरी) आणि हॅकल (गुंडाळलेलं पीस), आणि वरून २ मिलिमीटर फोमची पट्टी, गळाच्या तोंडाइतकी रुंद. पट्टी आधी शेपटीपाशी बांधायची, मग पुढे दुमडून गळाच्या नेढ्यामागे (दोरा ओवायच्या भोकामागे) बांधायची, आणि उरलेलं टोक ओठासारखं पुढे सोडायचं. पट्टी दोन ठिकाणी दोऱ्याने आवळलेली असते. गळ कितीही पिळून काढा, फोम दांड्यावरच बसून राहतो.

बांधताना सांभाळायची गोष्ट एकच, दोरा. बारीक, फार ताकदीचा जेल-स्पन दोरा फोममध्ये चाकूसारखा घुसतो. १४० डेनियरचा (हे दोऱ्याच्या जाडीचं माप) चपटा दोरा बरा. पहिले दोन वेढे नुसते टेकवायचे, तिसऱ्यापासून आवळायचं. आवळताना फोम दबून अंग चोरतो ते दिसतं. तेवढ्यावर थांबायचं, कारण दाबलेला फोम तितका तरंगत नाही. शेवटी ओठाच्या मुळाशी, नेढं आणि फोम यांच्यामध्ये, काही वेढे रचायचे. प्रत्येक वेढ्यागणिक ओठ थोडा थोडा वर उचलला जातो. हे पहिल्यांदा नीट जमतं तेव्हा फार बरं वाटतं.

पाण्यावर तो पॉपरपेक्षा खाली बसतो. हॅकल भिजतं, शेपूट बुडते, पाठ तेवढी वर. आवाज हळू, गुळगुळ करत मागे बुडबुड्यांची रेघ सोडणारा. बास भक्ष्य चावून पकडत नाही, तोंड फाकवून पाण्यासकट ओढून घेतो. अर्धवट बुडालेली, मऊ गोष्ट त्या ओढीत सहज आत जाते असा माझा अनुभव आहे. शांत सकाळी, उथळ काठावर, कमळाच्या पानांच्या कडेने मला गर्गलरवर पॉपरपेक्षा कमी मासे दचकून पळताना दिसतात. मोजमाप केलेलं नाही, पण इतक्या वेळा दिसलंय की आता पहिली फेक त्याचीच असते. दोन्हींत युक्ती मात्र एकच: पडल्यावर वर्तुळं विरेपर्यंत हलवायचं नाही, आणि पाणी उडालं म्हणून रॉड उचलायचा नाही. लाइनला वजन लागलं की हाताने ओढायचं.

गर्गलरलाही खोडी आहेत. बंद डबीत दाबला गेला की ओठ आडवा पडतो आणि तसाच राहतो, त्यामुळे खोल डबी हवी. ओठ फार रुंद ठेवला तर फेकताना फ्लाय गरगरते आणि लीडरला पीळ बसतो. फोम कधीतरी फाटतो. पण फाटलेला गर्गलर टाकून नवा बांधायला फारसा वेळ लागत नाही, आणि गोंद सुकायची वाट तर बघायचीच नसते.

तेव्हा तुमचं पाणी मोठं, वाऱ्याचं, गढूळ असेल किंवा रात्रीची मासेमारी असेल, तर पॉपरच बांधा, कुबडाच्या गळावर. माझ्याही डबीत त्यासाठी थोडे असतातच. बाकी बहुतेकांना मी २ मिलिमीटरची शीट आणि दोन ते सहा नंबरचे स्टिंगर गळ घ्यायला सांगेन. काळा आणि पिवळा हे दोन रंग सुरुवातीला पुरतात. ओठ बांधताना थोडा लांबच सोडा आणि खिशात छोटी कात्री ठेवा. पाण्यावर चालवून बघत, तो नाक खुपसायचा थांबेपर्यंत, थोडा थोडा छाटा.